बोट सोसवेल इतपत

गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठवेना. घसा बसलेला, डोळ्यांमागे ठणका, अंगात १०२ ताप. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आठवडाभर माणसांची रीघ होती. त्यातलं कोण खोकत होतं आणि कुणी तोच हात मोदकाच्या ताटाला लावला, याचा हिशोब आता कुठे मांडायचा!

सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांनी दारातूनच विचारलं, "खोकला ओला की कोरडा?" मी उत्तर देईपर्यंत निकालही लागला. "काही असो, दही-ताक बंद. फ्रीजमधलं पातेलं मी मागच्या कोपऱ्यात सारून ठेवलंय, हात लावू नकोस."

संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन आले. चिठ्ठीवर चार ओळी. पॅरासिटामॉल, खोकल्याचं औषध, पाच दिवसांचं अँटिबायोटिक, आणि त्या अँटिबायोटिकने पोट बिघडू नये म्हणून जिवंत जिवाणूंची, म्हणजे प्रोबायोटिकची, कॅप्सूल. घरी येऊन पडल्या पडल्या स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचली. एकेका कॅप्सूलमध्ये कोट्यवधी जिवाणू. म्हणजे त्या रात्री आमच्या घरात मोठी गंमत होती. पातेल्यातल्या जिवाणूंना बंदी, कॅप्सूलमधल्यांना पायघड्या, आणि दोघांच्याही मागे मारेकरी सोडलेला. मूळ दुखणं मात्र दिसत होतं फ्लूचं, म्हणजे विषाणूचं, ज्याला अँटिबायोटिकने काडीचाही फरक पडत नाही.

मला हे हसू येण्याचं कारण माझा धंदा. ठाण्यातल्याच एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २२ वर्षं काम करते आहे. लोकांचा ताप मी थर्मामीटरवर कमी आणि नळीत जास्त पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधल्या मुलीला घरीच बोलावून घेतलं. तिने एक जांभळ्या झाकणाची आणि एक लाल झाकणाची नळी भरून नेली. दुपारी रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, उलट थोड्या खालीच. सीआरपी, म्हणजे अंगातली आग दाखवणारं रक्तातलं एक प्रथिन, ३८. डॉक्टरांना फोन केला, तेव्हा तेही म्हणाले, "बरं, मग अँटिबायोटिक दोन दिवस थांबवू, श्वास लागला किंवा ताप उतरला नाही तर कळवा." ते थांबलं ते थांबलंच. कॅप्सूलची स्ट्रिप मात्र उशाशी राहिली, आणि सात-आठ दिवस मला दुसरा उद्योग नव्हता.

सीआरपी म्हणजे काय, हे लोक मला जिन्यात थांबवून विचारतात. मी लागले तेव्हा आमच्याकडे ते मशीनवर होत नसे. काळी काचपट्टी घ्यायची, तिच्यावर पेशंटच्या सिरमचा एक थेंब, त्याशेजारी दुधासारख्या पांढऱ्या लॅटेक्स रिएजंटचा एक थेंब. काडीने दोन्ही एकत्र पसरवायचे आणि पट्टी हातात धरून दोन मिनिटं संथ डोलवत राहायची. काही नसेल तर थेंब शेवटपर्यंत सायीच्या दुधासारखा एकजीव राहतो. सीआरपी वाढलेलं असेल तर बघता बघता त्यात बारीक दाणे दिसू लागतात, कडेला जमा होतात, आणि मधलं पाणी निवळतं. थेट दूध नासल्यासारखं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सरांना म्हणाले होते, "सर, हे फुटलं." ते म्हणाले, "हो, पेशंटचंही काहीतरी फुटलंय."

हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. ते जंतूचं नसतं, आपलंच असतं. शरीरात कुठे आग लागली की संरक्षक पेशी इंटरल्यूकिन-६ सारखे निरोप रक्तात सोडतात, ते यकृतापर्यंत पोचतात, आणि यकृत सीआरपी गाळायला लागतं. रिपोर्टवरचा ३८ हा आकडा फ्लूच्या विषाणूबद्दल फारसं काही सांगत नाही. मी त्याच्यावर किती चिडले आहे, तेवढंच सांगतो. तापाचंही तसंच. विषाणू ताप घेऊन येत नाही, मेंदूतला थर्मोस्टॅट आपण स्वतःच वर सरकवतो. ठणका, घशाची लाली, सूज, सगळा घरचा कारभार. मराठीत याला दाह म्हणतात, आणि मला तो शब्द सूज या शब्दापेक्षा बरा वाटतो. सुजेत नुसता आकार दिसतो, दाहात चूल दिसते.

या चुलीचा शोध घेणारा आणि दह्याला शास्त्राच्या पंगतीत बसवणारा माणूस एकच होता, हे मला त्या आजारपणात वाचताना नव्याने उमगलं. प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह. १८८२ सालच्या डिसेंबरात तो सिसिलीतल्या मेसिना गावी होता. घरची मंडळी सर्कशीला गेली होती आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पारदर्शक पिल्लं बघत बसला होता. त्याच्या मनात आलं, यांना काटा टोचला तर? बागेतून काटे आणले, पिल्लांच्या कातडीखाली सरकवले आणि रात्र अस्वस्थपणे काढली. सकाळी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींची दाटी झालेली. रक्त नाही, रक्तवाहिन्या नाहीत, तरी पेशी घुसखोराला गिळायला धावलेल्या. या एका काट्यावर त्याने दाहाचा सगळा विचार उभा केला आणि १९०८ साली पॉल एर्लिशबरोबर नोबेल मिळवलं.

तोच माणूस उतारवयात आंबवलेल्या दुधाच्या नादी लागला. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात आणि ते दही खूप खातात, यावरून त्याने ठरवलं की आतड्यात जे कुजतं त्याला दह्यातले आम्ल करणारे जिवाणू आवर घालतात. त्या दह्यातला जिवाणू स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने १९०५ साली जिनिव्हात शोधून काढला होता. मेचनिकॉव्ह रोज आंबट दूध प्यायचा. १९१६ साली, ७१ व्या वर्षी गेला. दीर्घायुष्याच्या जाहिरातीला हा आकडा काही फार शोभत नाही. माझ्या सासूबाई, ज्या रात्री दही शिवत नाहीत आणि पावसाळ्यात तर दुपारीही कुरकुरतात, त्याच्यापुढे दहा वर्षं केव्हाच निघून गेल्या आहेत.

आजारी माणसाला ही सगळी पुस्तकी गंमत वाटेल. मला वाटत नाही, कारण २०२१ चा एप्रिल, कोविडच्या दुसऱ्या लाटेचा, मी लॅबमध्ये काढला आहे.

तेव्हा ठाण्यात प्रत्येक घराला रक्ततपासण्यांचे पाच शब्द पाठ झाले होते. सीबीसी, सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, आयएल-६. भाजीवालासुद्धा छातीच्या सीटी स्कॅनचा पंचवीसपैकी स्कोअर किती आला, म्हणून विचारायचा. आम्ही पीपीई किटमध्ये घामाने थबथबलेले, सेंट्रिफ्यूज क्षणभर थांबत नव्हता. एका घरातल्या तरुण बापाचे नमुने मी दर दोन-तीन दिवसांनी घेत होते. पाचव्या दिवशी तो मला म्हणाला, "ताई, आता बरं वाटतंय, सुटलो." त्याचा सीआरपी तेव्हा वीसच्या घरात. आठव्या दिवशी ९०, दहाव्या दिवशी १८०. विषाणूचा जोर पहिल्या आठवड्यातच ओसरू लागलेला असतो, हे तोवर डॉक्टरमंडळींना कळलं होतं. पुढे जे जळत जातं ते आपल्याच माणसांनी लावलेलं. बाराव्या दिवशी त्याच्याकडून नमुना आला नाही. मी यादीवर त्याचं नाव शोधत राहिले.

त्या काळात ज्या औषधाने खरोखर माणसं वाचली ते विषाणूला हातही लावत नाही. डेक्सामेथासोन, जुनं, काही रुपयांना मिळणारं स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना? काही फायदा नाही. पहिल्या आठवड्यात आग हवी असते, तिच्यावर स्वयंपाक चाललेला असतो. आपल्याकडे मात्र घरोघरी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चिठ्ठ्यांवरून पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू झालं, आणि त्यापाठोपाठ काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे नेले ते आपण पाहिलं.

म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे शब्द कानावर पडले की माझ्या कपाळावर आठी येते. रिक्षाच्या पाठीवर, काढ्याच्या पुडीवर, च्यवनप्राशच्या बाटलीवर, आणि आता प्रोबायोटिकच्या डब्यावरही. वाढवून करायचं काय? त्या तरुणाची काही कमी नव्हती. संधिवातात वाढलेली असते, दम्यात वाढलेली असते. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंकोव्ह, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं ते लढणाऱ्या पेशी शोधल्याबद्दल नाही, लढणाऱ्यांना "पुरे आता" म्हणणाऱ्या पेशी शोधल्याबद्दल. रेग्युलेटरी टी पेशी. प्रत्येक एकत्र कुटुंबात अशी एक काकू असते. भांडण ऐन रंगात आलं की ती आतून म्हणते, "पानं वाढलीयेत." तिला कुणी प्रतिकारशक्तीत मोजत नाही.

आता या काकूचा आणि पोटाचा संबंध आहे, आणि इथेच ती उशाशी पडलेली कॅप्सूल कामाला येते, किंवा येत नाही. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणू आपल्याला न पचणारा चोथा आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार करतात. ती रक्तात जातात, हाडांच्या मज्जेपर्यंत त्यांचा परिणाम पोचतो, आणि त्या 'पुरे आता' म्हणणाऱ्या पेशींना बळ मिळतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली उंदरांना आधी अँटिबायोटिक दिलं आणि मग फ्लूचा विषाणू. पोटातले जिवाणू गेलेल्या उंदरांची फुप्फुसं विषाणूशी नीट लढूच शकली नाहीत. २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने उलटं केलं. उंदरांना भरपूर चोथा खायला घातला आणि मग फ्लू दिला. त्यांच्या फुप्फुसातली नासधूस कमी झाली आणि विषाणू मारणाऱ्या पेशी मात्र जास्त तरतरीत झाल्या. आग कमी आणि स्वयंपाक चांगला, दोन्ही एकदम! ते वाचून मी अंथरुणातच उठून बसले. पण नीट पाहिलं तर त्या उंदरांना कुणी कॅप्सूल दिलेली नव्हती. त्यांना जे दिलं ते आपल्या भाषेत भाकरी, मोड आलेली मटकी आणि गवारीची भाजी.

माणसांचं काय? ओडिशात खेड्यातल्या ४ हजार ५०० हून जास्त नवजात बाळांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. आईच्या दुधावरच्या धडधाकट बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस कुळातला एक जिवाणू आणि त्याला लागणारी साखर एवढंच दिलं. पहिल्या दोन महिन्यांत रक्तात जंतू पसरणं किंवा मृत्यू याचं प्रमाण ९ टक्क्यांवरून साडेपाचच्या खाली आलं, आणि श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचे संसर्गही घटले. आपल्या मातीतला हा अभ्यास मला सगळ्यांत आवडतो, पण तो नुकत्याच जगात आलेल्या रिकाम्या पोटांचा आहे. माझ्या पोटात ५३ वर्षांची चाळ भरलेली आहे, नव्या भाडेकरूला जागा कुठली! बहुतेक प्रोबायोटिक जिवाणू मोठ्यांच्या आतड्यात मुक्काम करत नाहीत. ठाण्याला चढतात आणि मुलुंडला उतरतात. चार दिवस घेणं बंद केलं की विष्ठेत सापडेनासे होतात.

लहानमोठ्या सगळ्यांच्या सर्दीखोकल्याबद्दल, जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०२२ चा आढावा आहे, २३ चाचण्यांचा, सुमारे ७ हजार माणसांचा. नियमित प्रोबायोटिक घेणाऱ्यांना दुखणी जरा कमी झाली, झाली ती साधारण एक दिवस आधी आटोपली. पुराव्याची खात्री मात्र आढाव्यानेच बरीचशी कमी धरली आहे, आणि हे सगळं आजार यायच्या आधीपासून घेणाऱ्यांचं. ताप चढल्यावर स्ट्रिप फोडणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकिटाच्या रांगेत उभं राहणं. मेक्सिकोत घरीच बरं होणाऱ्या सुमारे ३०० कोविड रुग्णांना महिनाभर चार जिवाणूंचं मिश्रण दिलं, तेव्हा पूर्ण बरे झालेले ५३ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २८. आकडा घसघशीत आहे. पण चाचणी एकच, आणि पैसा ते मिश्रण बनवणाऱ्यांचा. व्हेंटिलेटरवरच्या २ हजार ६५० रुग्णांना कॅनडा आणि इतर देशांत लॅक्टोबॅसिलस देऊन पाहिलं, तर न्यूमोनिया दोन्ही बाजूंना बावीस टक्क्यांच्या आसपासच. नेदरलँड्समध्ये तर स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात प्रोबायोटिक दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले, १६ टक्के विरुद्ध ६. 'दहीच आहे, अपाय काय होणार' असं अतिदक्षता विभागाच्या दाराशी म्हणता येत नाही.

एवढं वाचून झाल्यावर मी कॅप्सूल खाल्ली का? दोन खाल्ल्या. पैसे दिले होते.

पाचव्या दिवशी ताप उतरला, खोकला राहिला, आणि जिभेला दह्याची आठवण छळायला लागली. सासूबाईंशी वाद घालायला मी तयारी करून गेले. म्हटलं, "आई, ऑस्ट्रेलियात १९९० साली ६० जणांना मुद्दाम सर्दी करून पाहिलं. नाकातून किती आलं त्याचं वजनसुद्धा केलं. दूध पिणाऱ्यांना कफ जास्त झाला नाही."

"वजन केलं?" एवढंच त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "कुणी केलं ते? बायकांनीच केलं असेल."

मग मी चरक काढला. रात्री दही खाऊ नये, हे त्यांचं म्हणणं चरकसंहितेत जसंच्या तसं आहे, 'न नक्तं दधि भुञ्जीत'. पण तिथेच पुढे म्हटलंय की तूपसाखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांच्याशिवाय खाऊ नये, आणि गरम करून खाऊ नये. "मग तुमची कढी कशी चालते?"

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "कढी ताकाची असते. दह्याची करतात त्या वेगळ्या."

पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. ताकाचं आपल्याकडे सगळंच वेगळं. लहानपणी भावंडांत कोड्याचा श्लोक घालायचो. जेवणाच्या शेवटी काय प्यावं, जयंत कुणाचा मुलगा, विष्णुपद कसं असतं, या तिन्हींची उत्तरं शेवटच्या चरणात, 'तक्रं शक्रस्य दुर्लभम्'. इंद्रालाही न मिळणारं ते ताक माझ्या फ्रीजमध्ये मागच्या कोपऱ्यात होतं आणि मलाही मिळत नव्हतं.

त्या रात्री त्यांनी स्वतःच दूध तापवून ओट्यावर निवायला ठेवलं. ८१ वर्षांची बाई विरजण लावते ते बघण्यासारखं असतं. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. करंगळी दुधात बुडवायची आणि मनात पाच मोजायचे. चटका बसला तर थांबायचं, गार लागलं तर पुन्हा विस्तव दाखवायचा. बोट सोसवेल इतपत, हे त्यांचं माप. मग चमचाभर विरजण पातेल्याच्या कडेने, ढवळणं दोनदाच. मी म्हटलं, "पावसाळी हवा आहे, जरा जास्त घाला, लवकर लागेल." त्या म्हणाल्या, "जास्त घातलं की आंबटढाण होतं आणि पाणी सुटतं. घाई तुला आहे, त्याला नाही." पातेल्यावर ताटली, ताटलीवर जुन्या लुगड्याची घडी.

सकाळी कवडी पडेल असं दही लागलं होतं. त्यांनी ते घुसळलं, लोणी काढून घेतलं, ताकात डाळीचं पीठ कालवलं, आलं ठेचून टाकलं, तुपात जिऱ्याची फोडणी दिली, आणि डाव माझ्या हातात दिला. मला माहीत होतं की उकळी येताच त्यातला एकूण एक जिवाणू मरणार आहे, आणि मेचनिकॉव्हपासून मेक्सिकोपर्यंतचं आठवडाभराचं वाचन त्या भांड्यात वाफ होऊन जाणार आहे. मी काही बोलले नाही. वास नाकापर्यंत पोचत होता, आठवड्यात पहिल्यांदाच.

"हात थांबवू नकोस," मागून आवाज आला, "उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर फुटेल."

मी ढवळत राहिले. लॅबमध्ये काचपट्टी डोलवताना बघते तसं कडेला बघत होते, दाणे दिसतात का. दिसले नाहीत. पिवळट, एकजीव, काठाशी नुकतेच बुडबुडे. दोन वाट्या प्यायले, तिसरी त्यांनी दिली नाही.